वळिवड्याचं चर्च आणि जुन्या साताऱ्याचं युद्ध



एखाद्या स्मारकाकडे आपण मजकूर म्हणून बघतो, तेव्हा दोन प्रश्न विचारतो. ते काय सांगतं? आणि तेवढं सांगता यावं म्हणून काय गाळतं? आज आपल्यापुढे वळिवड्याचं चर्च आहे. कोल्हापूरपासून काही मैलांवर, पंचगंगेच्या खोऱ्यात, 1943 ते 1948 या काळात पोलंडमधल्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. तिथे शाळा होत्या, दवाखाना होता, नाटकाचा रंगमंच होता, दुकानं होती आणि छावणीचं स्वतःचं चर्च होतं. आज त्या जागी गांधीनगरचा कापडबाजार गजबजलेला असतो. वास्तूपेक्षा तिच्याबद्दलची गोष्टच जास्त भक्कम उभी आहे, म्हणून आपण त्या गोष्टीची समीक्षा करणार आहोत.

आता कुणी विचारेल, नावात सातारा आणि बोलताय कोल्हापूरबद्दल, हे कसं? त्याचं उत्तर आधी देतो. 1949 पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच मुलूख सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळालं. मधे मधे औंध, सांगली, मिरज, जत अशी संस्थानं पेरलेली होती आणि दक्षिणेला कोल्हापूर. कागदावर हद्दी वेगवेगळ्या, पण पुण्याहून निघालेली आगगाडी कराड, किर्लोस्करवाडी, मिरज करतच कोल्हापूरला पोचायची. बाजार, सोयरीक, पलटणीतली भरती या सगळ्याचा मुलूख एकच. त्यामुळे वळिवडे समजून घ्यायचं तर या सगळ्या पट्ट्याकडे बघावं लागतं.

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. वळिवड्याच्या चर्चची गोष्ट आपण आपल्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगत आलो आहोत. ती त्या माणसांच्या युद्धाची आणि त्याच वेळी आपल्या मुलखात चाललेल्या युद्धाची गोष्ट म्हणून सांगितली, तर ती जास्त खरी होते. थोडी अडचणीचीही होते. पण ती अडचण टाळून चालणार नाही.

ही माणसं आली कुठून

हा भाग लवकर उरकतो, कारण तो बऱ्याच जणांना माहीत असेल. 1 सप्टेंबर 1939 ला जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि 17 सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून शिरल्या. फेब्रुवारी 1940 ते जून 1941 या काळात पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना चार मोठ्या लाटांत उचलून सैबेरियात, कझाकस्तानात, उत्तरेकडच्या जंगलांत नेऊन टाकलं गेलं. जून 1941 मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि चित्र बदललं. 30 जुलै 1941 ला लंडनमधलं पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला आणि या हद्दपार माणसांना 'माफी' मिळाली. शब्द बघा. ज्यांनी गुन्हाच केला नव्हता, त्यांना माफी!

मग जनरल आन्डर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहिली. 1942 च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये ही फौज आणि तिच्यामागून निघालेली बायकापोरं कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदराला लागली. एकंदर लाखाहून जास्त माणसं. सैनिक पुढे इराक, पॅलेस्टाइन करत इटलीच्या रणांगणावर गेले. घरच्यांची पांगापांग झाली. कुणी पूर्व आफ्रिकेत, कुणी मेक्सिकोत, कुणी न्यूझीलंडला आणि काही हजार हिंदुस्थानात. लहान मुलांची पहिली तुकडी वांद्र्याहून जामनगरजवळच्या बालाचडीला गेली. 1943 च्या मध्यापासून वळिवड्याला कुटुंबं येऊ लागली. आजाऱ्यांसाठी आणि काही मुलांसाठी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत सोय झाली. क्षयाच्या रुग्णांना हवापालटासाठी पाचगणीला पाठवायचा रिवाज तेव्हा जुनाच होता. काही पोलिश मुलं तिथल्या इंग्रजी शाळांतही शिकली.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवू. वळिवड्याची वस्ती ही मुख्यतः बायका, मुलं आणि म्हाताऱ्या माणसांची. कर्ते पुरुष फौजेत होते, नाहीतर बेपत्ता. एप्रिल 1943 मध्ये, म्हणजे छावणी उघडण्याच्या दोनतीन महिनेच आधी, कटीनच्या जंगलातली सामूहिक थडगी जगापुढे आली. 1940 च्या वसंतात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे 22,000 पोलिश अधिकारी, पोलीस आणि शिकलेसवरलेले लोक गोळ्या घालून मारले होते. ज्या बाईचा नवरा 1939 साली सोव्हिएत सैन्याच्या हाती लागला आणि पुढे ज्याचं पत्र आलं नाही, तिनं ती बातमी कशी वाचली असेल, याचा विचार करा. अशा अवस्थेतली माणसं पंचगंगेकाठी उतरली.

धर्मग्राम

आता चर्चकडे वळू. वसईकडचे मराठी कॅथलिक लोक पॅरिशला एक सुंदर शब्द वापरतात, धर्मग्राम. वळिवड्याच्या बाबतीत हा शब्द फार चपखल बसतो. कारण या माणसांचं गाव गेलेलंच होतं. बराकी सरकारनं बांधल्या, रेशन छावणीच्या कचेरीनं दिलं, पण गाव म्हणून जे काही परत उभं राहिलं त्याच्या मध्यभागी चर्च होतं.

ते का, हे समजून घेऊ. पहिलं कारण साधं आहे. हद्दपारीच्या काळात उघडपणे उपासना करता येत नव्हती. कम्युनिस्ट राजवटीत प्रार्थना म्हणजे संशयाला आमंत्रण. त्यामुळे घंटा वाजवून, सगळ्यांदेखत मिस्साला जाणं हीच मोठी गोष्ट होती. दुसरं कारण भाषेचं. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, पण प्रवचन आणि गाणी पोलिशमध्ये. ज्या मुलांनी रशियन ऐकत दोन वर्षं काढली, मग फारसी ऐकली आणि आता मराठी-हिंदी-इंग्रजी ऐकत होती, त्यांच्या कानावर मोठ्या समुदायाची पोलिश पडायची ती शाळेत आणि चर्चमध्ये.

तिसरं कारण कालगणनेचं. छावणीत दिवस सारखेच असतात. वाट बघणाऱ्या माणसाला तर तारखेचं भानच राहत नाही. चर्चनं त्या दिवसांना वर्षाचा आकार दिला. आगमनकाळ, नाताळ, उपवासाचे चाळीस दिवस, ईस्टर, मुलांचं पहिलं प्रभुभोजन, नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांचं स्मरण. आपल्याकडे चैत्र पाडव्यापासून शिमग्यापर्यंतचं वर्ष जसं सणांनी बांधलेलं असतं, तसंच.

यातली एकच प्रथा जरा थांबून बघू. पोलिश घरांत नाताळच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. अवचित कुणी पाहुणा आला, किंवा घरातलं कुणी दूर असेल, तर त्याच्यासाठी. आपल्याकडे म्हणतात ना, 'त्याचं पान वाढून ठेवलंय', तसं. आता ही प्रथा अशा वस्तीत नेऊन ठेवा जिथे घरोघरी कर्ता पुरुष नाही. तिथे ते रिकामं ताट पाहुण्याचं राहत नाही, त्याला नाव असतं. इटलीतल्या मुलाचं, बेपत्ता नवऱ्याचं, कझाकस्तानात पुरलेल्या आईचं. आणि धर्मगुरूपुढे पेच असतो. जिवंतांसाठीच्या प्रार्थनेत याचं नाव घ्यायचं की मृतांसाठीच्या? युद्धाच्या इतिहासात आपण लढायांची नावं शिकतो. वळिवड्यासारख्या वस्तीत युद्ध या प्रश्नाच्या रूपानं चालू होतं.

अजून एक मुद्दा, जो सहसा सांगितला जात नाही. या मुलखात चर्च नवीन नव्हतं. साताऱ्यात आणि वाईला अमेरिकन मराठी मिशन होतं. कोल्हापूरला अमेरिकन मिशन 1852 पासून, नंतर सांगलीला, आणि मिरजेत डॉ. वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेलं हॉस्पिटल. या मिशनांभोवती मराठी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या, त्यांत गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेली घरं पुष्कळ. पण ती प्रोटेस्टंट, आणि वळिवड्याची माणसं बहुतांशी कॅथलिक. प्रार्थनेची भाषा वेगळी, रीत वेगळी. क्रूस एकच असला तरी दार वेगळं. म्हणजे 'ख्रिस्ती निर्वासित आले आणि इथल्या ख्रिस्ती लोकांत मिसळले' असं सोपं चित्रही रंगवता येत नाही. त्यांना आपलं चर्च आपणच उभं करावं लागलं.

राजाश्रयाची गोष्ट

आता आपण ज्या मजकुराची समीक्षा करायला बसलो आहोत, तो मजकूर. वॉर्सात 2017 साली कोल्हापूरच्या नावानं स्मारक झालं. 2019 च्या सप्टेंबरमध्ये वळिवड्याला पोलंडच्या मंत्र्यांच्या उपस्थितीत कार्यक्रम झाला. ऑगस्ट 2024 मध्ये आपले पंतप्रधान वॉर्सात गेले, तेव्हा ते त्या कोल्हापूर स्मारकापाशीही गेले. या प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांत, भाषणांत, व्हॉट्सअॅपवर जी गोष्ट फिरली ती साधारण अशी: जगानं दारं बंद केली, तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींनी पोलिश निर्वासितांना आश्रय दिला, अतिथी देवो भव.

ही गोष्ट खोटी आहे का? पूर्ण खोटी नाही. जमीन कोल्हापूर संस्थानातली होती, संस्थानाच्या संमतीशिवाय छावणी झाली नसती. पण तपशील बघा. राजाराम महाराज नोव्हेंबर 1940 मध्ये वारले. 1942 साली दत्तक घेतलेले शिवाजी महाराज 1943 साली दीड-पावणेदोन वर्षांचे होते, आणि 1946 साली, बालवयातच, तेही गेले. कारभार रीजन्सीचा, राणी ताराबाईंच्या नावानं, आणि त्यावर इंग्रज रेसिडेंटची नजर. छावणी वसवण्याचा निर्णय हिंदुस्थान सरकार, लंडनमधलं पोलिश सरकार आणि संस्थान यांच्यातल्या व्यवहारातून झाला. छावणीचा खर्च लंडनचं पोलिश सरकार सोसत होतं. छावणीचा रोजचा कारभार, शाळा, संस्था पोलिश लोकच चालवत होते.

म्हणजे झालं काय? जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीच्या मुलांसाठी व्यक्तिशः पुष्कळ केलं. ती गोष्ट भावणारी आहे, तिच्यावर 2013 साली 'अ लिटल पोलंड इन इंडिया' हा माहितीपटही झाला. तीच चौकट आपण उचलली आणि वळिवड्याला लावली. एक उदार राजा पाहिजेच, म्हणून राजा बसवला. पाळण्यातल्या राजाच्या नावावर औदार्य जमा झालं, आणि ज्या बायकांनी पाच वर्षं ती वस्ती चालवली, मुलं शिकवली, आजारी माणसं सांभाळली, चर्च सजवलं, त्या गोष्टीत फक्त 'आश्रित' म्हणून उरल्या.

डॉ. अनुराधा भट्टाचार्जी यांचं 'द सेकंड होमलँड' हे 2012 सालचं पुस्तक या विषयावरचं महत्त्वाचं काम आहे. त्या शीर्षकातला 'दुसरी मायभूमी' हा भाव वळिवड्यात वाढलेल्या माणसांच्या बोलण्यात खरोखर आहे. म्हातारपणी ते परत आले, जुन्या जागा शोधत फिरले, कृतज्ञतेनं बोलले. पण शब्द कोण उच्चारतं यावर त्याचा अर्थ ठरतो. 'हे आमचं दुसरं घर होतं' असं पाहुणा म्हणाला तर ती कृतज्ञता. तेच वाक्य यजमानानं आपल्या दारावर लिहून ठेवलं तर ती बढाई होते. आपल्या स्मारकांवर नेमकं हेच घडतं आहे.

त्याच वर्षी, त्याच रुळांवर

राजाश्रयाच्या गोष्टीनं दुसरी एक गोष्ट झाकली जाते, आणि ती आपली स्वतःची आहे. 1943 साली हा मुलूख शांत, सुखी, पाहुणचाराला मोकळा असा नव्हता. तो पेटलेला होता.

9 सप्टेंबर 1942 ला वडूजला मोर्चावर गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला. नेते भूमिगत झाले. नाना पाटलांचं प्रतिसरकार 1943 पासून आकाराला आलं, कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. 7 जून 1943 ला तुफान सेनेनं शेणोलीजवळ पुणे-मिरज गाडी अडवून सरकारी पगाराचे पैसे काढून घेतले. 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, त्यात दोघे हुतात्मे झाले.

आता या तारखा वळिवड्याच्या तारखांशेजारी मांडा. 1943 च्या मध्यात छावणी भरू लागली. कोल्हापूरला आगगाडीनं यायचं तर मिरजेवरूनच यावं लागे. मुंबई-पुण्याकडून येणारी गाडी शेणोलीवरून जायची. खिडकीतून बाहेर बघणाऱ्या पोलिश मुलाला ऊस आणि काळी माती दिसली असेल. या रुळांवर काही आठवड्यांपूर्वी काय झालं, ते त्याला कोण सांगणार?

इथे खरी गुंतागुंत आहे. वळिवड्याच्या बाईच्या दृष्टीनं ब्रिटिश सरकार म्हणजे मित्र. त्यानंच तिला आणलं, तिचा मुलगा त्याच्याच सैन्याबरोबर लढतोय. कुंडलच्या बाईच्या दृष्टीनं तेच सरकार म्हणजे घरावर धाड टाकणारं, नवऱ्याला शोधणारं, गुरंढोरं जप्त करणारं. एकाच सरकारचे हे दोन चेहरे चाळीस-पन्नास मैलांच्या आत होते.

आणि गुंता अजून एका पदरानं वाढतो. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. वाळवा तालुक्यातला, म्हणजे तेव्हाच्या साताऱ्यातला हा माणूस. मुंबईत कामगार चळवळीत होता. स्टालिनग्राडची लढाई 2 फेब्रुवारी 1943 ला संपली. अण्णा भाऊंनी तिच्यावर 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला. फॅसिझमला रोखणाऱ्या लाल सैन्याचं ते कौतुक होतं, आणि ते कौतुक रास्त होतं. स्टालिनग्राडला हिटलर अडला नसता तर जगाचं काय झालं असतं, सांगता येत नाही. पण ज्या बायका वळिवड्याच्या चर्चमध्ये गुडघे टेकत होत्या, त्यांना घरातून उचलून बर्फात नेणारी राजवट तीच होती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एका खोऱ्यातून निघालेला शाहीर स्टालिनग्राडचं गाणं गातो आणि त्याच खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला स्टालिनच्या हद्दपारीतून वाचलेली माणसं मेणबत्ती लावतात. आपल्या इतिहासलेखनात यांतली एक गोष्ट डाव्यांच्या कपाटात आणि दुसरी परराष्ट्र खात्याच्या कपाटात ठेवली गेली. दोन्ही कपाटं एकदम उघडायची सवय आपल्याला नाही.

पोलिश माणूस या मुलखात 1943 आधीही आला होता, हेही विसरू नका. मॉरिस फ्रिडमन, वॉर्साचे ज्यू इंजिनिअर. गांधीजींच्या प्रभावाखाली आले, भारतानंद झाले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली प्रजेला जे स्वराज्याचं संविधान दिलं, त्यामागच्या कामात अप्पासाहेब पंतांबरोबर फ्रिडमन होते. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, ज्यावरून पुढे शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ला कल्पना मिळाली. आणि गंमत अशी की कुंडल, किर्लोस्करवाडी ही गावं औंध संस्थानातलीच. म्हणजे प्रतिसरकार जिथे रुजलं त्या मातीत ग्रामस्वराज्याची घडी बसवायला एका पोलिश माणसाचाही हात लागला होता. तो आश्रित नव्हता, सहकारी होता. पोलंड आणि सातारा यांचं नातं सांगताना आपण ही गोष्ट का सांगत नाही? कारण तिच्यात आपण यजमान नसतो.

सेनिओच्या काठावर

आता इटलीत जाऊ. हा भाग आमच्या मते सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे.

मे 1944. मॉन्ते कॅसिनोची शेवटची लढाई. 18 मे ला पोलिश कोअरनं डोंगरावरचा मठ घेतला. त्याच हल्ल्यात खाली दरीत आठवी भारतीय डिव्हिजन गारी नदीपार होत होती. या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. पुढे 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर शेवटचा मोठा हल्ला झाला. आठवी भारतीय डिव्हिजन त्यात पुढे, आणि डाव्या अंगाला पोलिश कोअर. त्या दिवशी याच पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना गोळीबारातून ओढून आणलं, शत्रूच्या चौक्या बंद पाडल्या, आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते नगर जिल्ह्यातले. पण मराठा पलटणींची भरती सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशी सगळीकडून असे. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धातच त्या एका गावानं 46 माणसं गमावली.

म्हणजे बघा, वळिवड्याच्या चर्चमध्ये ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती ते, आणि साताऱ्याकडच्या घरांत ज्यांच्यासाठी देव पाण्यात ठेवले होते ते, इटलीत एकाच नदीच्या काठावर शेजारी शेजारी होते. मनिऑर्डर आणि पत्रांची वाट दोन्हीकडे सारखीच बघितली जात होती. तारवाला आला की दोन्हीकडे सारखंच काळीज थांबत होतं. 2024 साली पंतप्रधान वॉर्सात मॉन्ते कॅसिनोच्या स्मारकालाही गेले. तिथे हे दोन धागे एका दौऱ्यात आले. इथे, आपल्या गावांत, ते अजून जुळलेले नाहीत. आपल्या गावातला शिपाई 'इंग्रजांसाठी लढला' म्हणून आपण त्याला जरा बाजूलाच ठेवतो आणि भूमिगताला चौकात बसवतो. अनेक घरांत तर एक भाऊ पलटणीत आणि दुसरा भूमिगत, असंही होतं. त्या घराला विचारा, कोण खरा.

चर्च रिकामं होतं

फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाची परिषद झाली. पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहणार हे बड्या राष्ट्रांनी ठरवलं. वळिवड्यातल्या बहुतेकांची गावं त्या भागातली. म्हणजे युद्ध जिंकणाऱ्यांच्या बाजूनं असूनही ही माणसं घर हरली. जुलै 1945 मध्ये ब्रिटननं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या नावानं छावणी चालू होती, त्याचीच सावली गेली. परत जायचं म्हटलं तर गाव आता दुसऱ्या देशात, आणि त्या देशानंच आधी हद्दपार केलेलं.

पुढची दोनतीन वर्षं पांगापांगीची. कुणी इंग्लंडला, जिथे आन्डर्स यांचे सैनिक वसवले जात होते. कुणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका. काही थोडे पोलंडला परतले. 1948 च्या सुरुवातीला छावणी बंद झाली. या काळात चर्चमध्ये काय होत असेल? लग्नं झाली, निरोपाच्या मिस्सा झाल्या, थडग्यांवर शेवटची फुलं पडली. कोल्हापुरात आणि पाचगणीत ज्यांना पुरलं ती माणसं मात्र इथेच राहिली. आपल्या 'पाहुण्यां'पैकी कायमचे इथले झाले ते हेच.

आणि बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथे वसवली गेली, तेच आजचं गांधीनगर. रिकाम्या हातांनी आलेल्या या लोकांनी कापडाचा मोठा घाऊक बाजार उभा केला. एकाच जागेवर पाच वर्षांच्या आत दोन निर्वासित समाज. पहिल्यासाठी परदेशातून मंत्री येतात. दुसऱ्याला आपण नुसतं 'व्यापारी' म्हणतो. आश्रय देण्याचा आपल्याला खरोखर अभिमान असेल, तर ज्यांना आश्रय देऊन आपण शेजारी करून घेतलं त्यांची गोष्ट आधी सांगायला हवी. ती सांगत नाही, कारण शेजाऱ्याबद्दल बढाई मारता येत नाही. त्याच्याबरोबर रोज राहावं लागतं.

मग लिहायचं काय

टीका करून मोकळं होणं सोपं आहे. म्हणून आम्ही सुचवतो. वळिवड्याच्या जागी पाटी लावायचीच, तर तिच्यावर चार साधी वाक्यं असावीत. एक: सोव्हिएत हद्दपारीतून वाचलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं, 1943 ते 1948 इथे राहिली आणि त्यांनी आपलं गाव, आपली शाळा, आपलं चर्च चालवलं. दोन: त्यांचे पुरुष इटलीत लढत होते, आणि याच मुलखातले मराठे त्यांच्या शेजारी लढत होते. तीन: त्याच वर्षांत या खोऱ्यातली गावं ब्रिटिश राज्याविरुद्ध उठली होती. चार: 1948 नंतर इथे सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी घर केलं.

या चार वाक्यांत राजा नाही, देव नाही, अतिथी नाही. पण वाचणाऱ्याला एवढं कळेल की युद्ध ही एकाच बाजूनं सांगता येणारी गोष्ट नसते. एकाच सरकारनं एकाला वाचवलं आणि दुसऱ्याला तुरुंगात टाकलं, एकाच सैन्यानं एकाचं घर वाचवलं आणि दुसऱ्याचं घेतलं. आणि हे सगळं एका छोट्या चर्चच्या आसपास, कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यावर घडलं.

हे काम दिल्ली किंवा वॉर्सात होणार नाही. ते इथेच व्हायचं आहे. साताऱ्या-सांगलीच्या जुन्या मंडळ्यांच्या नोंदवह्या आहेत, बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या. गावोगाव फौजी घरांत पेन्शनीचे कागद, पदकं, इटलीतून आलेली पत्रं ट्रंकेत पडून आहेत. भूमिगतांच्या घरी जप्तीच्या नोटिसा आहेत. गांधीनगरच्या घरांत सिंधमधल्या गावांची नावं अजून आठवणारी वडीलधारी माणसं आहेत. हे सगळं एका टेबलावर मांडलं तर आपल्या मुलखाचं युद्ध पहिल्यांदा सबंध दिसेल. तुमच्यापैकी कुणाकडे असं काही असेल, तर ते फेकू नका, रद्दीत घालू नका. पाठीमागे पेन्सिलीनं तारीख आणि नाव लिहून ठेवा. आत्ता एवढंच करा.

आता प्रश्न घेऊ.